गाढ झोपेतली लाट मेंदूभर धावताना कशी पाहायची

स्लीप लॅबमध्ये नवीन मुलं आली की मी त्यांना आधी ईईजीच्या (मेंदूतल्या विजेच्या नोंदीच्या) ३० सेकंदांच्या पानावरून हलवते. स्कोअरिंगला, म्हणजे झोपेचे टप्पे ठरवायला, ते पान ठीक आहे. किमान २० टक्के भागात ७५ मायक्रोव्होल्टच्या वरच्या संथ लाटा दिसल्या की एन३, म्हणजे गाढ झोप, लिहून पुढे जायचं. पण तिथे कपाळाजवळची आणि मागची लाट एकदमच उठल्यासारखी वाटते. तसं नसतं.

रात्रीचा पहिला तिसरा हिस्सा उघडा, गाढ झोप तिथे जास्त मिळते. पान ५ सेकंदांवर आणा. डोक्याच्या उजव्या बाजूचे एफ४ (पुढचा), सी४ (मधला), ओ२ (मागचा) हे तिन्ही चॅनेल एम१शी, म्हणजे डाव्या कानामागच्या इलेक्ट्रोडशीच जोडलेले हवेत. फिल्टरही तिघांना एकच, खालची मर्यादा ०.३ हर्ट्झ. रेघ छान दिसावी म्हणून ती १ हर्ट्झवर नेलीत, तर जी लाट बघायची तिलाच कात्री लागते.

आता एफ४वरची एखादी दणदणीत लाट धरा आणि तिच्या ऋण टोकावर कर्सर ठेवा. (ईईजीत ऋण बाजू वर असते. पहिल्या आठवड्यात सगळेच इथे गोंधळतात.) या टोकाच्या सुमारास खालच्या पेशी गप्प झालेल्या असतात, आणि ती शांतता शेजारच्या भागात पसरत जाते. मग सी४चं टोक शोधा, मग ओ२चं. पुष्कळदा ती स्क्रीनवर थोडीथोडी उजवीकडे, म्हणजे उशिरा, सरकलेली दिसतील.

किती सरकावीत? मोठ्या माणसाच्या डोक्यावर एफ४ ते ओ२ अंतर २० सेंमीच्या आसपास. वेग सेकंदाला २ मीटर धरला तर १०० मिलिसेकंद. ३० सेंमी रुंद स्क्रीनवर, ३० सेकंदांच्या पानात हे जेमतेम १ मिमी होतं, ५ सेकंदांच्या पानात ६ मिमी. वेग मी मनाने धरलेला नाही. मासिमिनी, टोनोनी आणि सहकाऱ्यांनी २००४ साली २५६ इलेक्ट्रोड लावून केलेल्या अभ्यासात तो सेकंदाला १.२ ते ७ मीटर निघाला, आणि लाटा जास्त करून कपाळामागच्या भागातून उठून मागे जाताना दिसल्या.

जास्त करून, नेहमी नव्हे. काही मागून पुढे येतात, काही वाटेतच विरतात. म्हणून एका लाटेवरून काही ठरवू नका, डझनभर तरी मोजा. ओ२वर टोक धूसर असेल तर ती लाट सोडून द्या.

डोळ्यांच्या चॅनेलवरही हीच लाट उमटते. दोन्ही रेघा एकाच दिशेला गेल्या तर ती कपाळाकडची लाट. विरुद्ध दिशांना गेल्या तर डोळे हललेत. आणि सगळेच चॅनेल अगदी सावकाश डुलत असतील तर पेशंटला घाम आलाय, एसी वाढवा.

तिन्ही टोकं एका रेषेत आली तर लाट आडवी, म्हणजे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला, गेलेली असू शकते. मग डाव्या बाजूचे एफ३, सी३, ओ१ उघडा, पण त्याआधी सहाही चॅनेलना दोन्ही कानांमागची सरासरी हा एकच संदर्भ द्या.