आजी-पोरांसकट चायनीजला जाताय? ऑर्डर अशी द्या

कासची फुलं बघून खाली साताऱ्यात येईस्तोवर सात वाजलेले असतात, कपडे ओले, पोरं भुकेनं कावलेली आणि गाडीत एकच कल्ला, चायनीज चायनीज. आम्ही सांगलीचे, दर सप्टेंबरला जातो, आठ जण, त्यात आजी माळकरी, बाबांना शुगर आणि पुतणी पाच वर्षांची, त्यामुळं सगळ्यांचं नीट जेवण होईल अशी ऑर्डर द्यायला शिकायला दोन-तीन वर्षं गेली, ते इथं लिहितोय.

सगळ्यात आधी सूपचं विचारा. एकदा आजीसाठी व्हेज मंचाव सांगितलं, तिनं चार चमचे घेतले आणि मग वेटरच्या बोलण्यातनं कळलं की तिथं सगळ्या सूपला चिकनचाच स्टॉक, म्हणजे चिकन उकळून काढलेलं पाणी. आजी काहीच बोलली नाही, चमचा खाली ठेवला आणि त्या रात्री पाण्याशिवाय काही घेतलं नाही. मला ते अजून टोचतं. "व्हेज आहे ना?" असं विचारलं की सगळे हो म्हणतात, म्हणून प्रश्न मोडून विचारायचा: दादा, स्टॉक कशाचा, व्हेजची कढई वेगळी आहे का, नूडल्समध्ये अंडं आहे का, ऑयस्टर सॉस (शिंपल्यांचा) किंवा फिश सॉस कशात घालता? उत्तर देताना वेटर चाचरला तर सरळ उठा आणि प्युअर व्हेजमध्ये जा, तिथल्या मेनूतही चायनीजचं पान असतंच.

आजीला चायनीज म्हटलं की परकं वाटायचं. तिला मी सांगितलं की हे मंचुरियन आपल्या मुंबईतलं आहे, नेल्सन वांग नावाच्या शेफनं 1975 च्या सुमारास तिथं पहिल्यांदा केलं असं म्हणतात, आलं लसूण हिरवी मिरची आपलीच, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि रस्सा कॉर्नफ्लोरनं दाट केला. कोबीची भजी रश्श्यात, एवढंच. मागच्या वर्षी तिनं स्वतःहून अजून दोन मागून घेतली, लय बरं वाटलं.

आता ऑर्डर. सगळं एकदम सांगू नका, हीच मोठी चूक होते. आठ जणांना चार सूप वन बाय टू, दोन स्टार्टर, बास, मग थांबा. पोरांची भूक जरा बसते आणि खरी भूक किती ते कळतं. मग दोन नूडल्स, दोन फ्राईड राईस आणि एक ग्रेव्ही, सगळं मधे ठेवून वाटून घ्यायचं, फुल प्लेट बहुतेक ठिकाणी दोघातिघांना पुरते. नूडल्स आधी संपवा, थंड झाल्या की गोळा होतात, ग्रेव्हीपण निवली की खळीसारखी घट्ट होते. कमी पडलं तर परत मागवता येतं, तासाभरात कुणी हॉटेल बंद करत नाही.

पोरांच्या नूडल्स पहिल्या फेरीतच वेगळ्या सांगा आणि "तिखट कमी" म्हणू नका, प्रत्येकाचं कमी वेगळं असतं, त्यापेक्षा "शेजवान नको, मिरची नको, मिरपूड पण नको" असं स्पष्ट सांगा. शुगरवाल्यांना क्लिअर सूप आणि परतलेल्या भाज्या, कारण ग्रेव्हीत कॉर्नफ्लोर आणि बऱ्याच सॉसमध्ये साखर असते. बीपी असेल तर टेबलावरचा सोया सॉस लांब ठेवा, तो निम्मा मीठच असल्यासारखा खारट. अजिनोमोटो नको असेल तर ऑर्डर देतानाच बोला, नंतर काढता येत नाही.

बिलात सर्व्हिस चार्ज दिसला तर तो सक्तीचा नसतो, काढायला सांगता येतं. जीएसटी मात्र द्यावाच लागतो.

आणि उरलेला राईस पार्सल घेऊ नका. साताऱ्याहून कराड, पेठ नाका करत सांगली गाठायला अडीच तास जातात, बंद गाडीत कोमट राहिलेला भात पोट बिघडवतो, परत गरम केला तरी भरवसा नाही.  गाडी चालवणाऱ्यानं सूप आणि थोड्या नूडल्सवर भागवावं, तेलकट पोटभर खाल्लं की कराडच्या आधीच डोळे मिटायला लागतात.