अमेरिकेत एमबीएला चाललाय? आधी नोकरीचं गणित मांडा

एफसी रोडवरच्या कन्सल्टंटपासून सोसायटीतल्या काकांपर्यंत सगळे रँकिंग सांगतात, पण कोर्स स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित या गटात) बसतो का हे कुणी विचारत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. साध्या कोर्सला ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर स्टुडंट व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं, स्टेम असेल तर अजून २४, म्हणजे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत दोन-तीनदा तरी नशीब आजमावता येतं. जागा वर्षाला ६५,०००, शिवाय तिकडच्या मास्टर्सवाल्यांना २०,०००, बस.

म्हणून कॉलेजचा एम्प्लॉयमेंट रिपोर्ट उघडा, सरासरी पगार बघून हुरळून जाऊ नका, इंटरनॅशनल पोरांचा आकडा वेगळा दिलाय का बघा, नसेल तर सरळ मेल टाकून विचारा.

वर्गात चिनी पोरं भेटतीलच, त्यांचीही रड तीच, स्पॉन्सरशिप लागणार, म्हणजे व्हिसासाठी कंपनीला अर्ज करावा लागणार म्हटलं की बऱ्याच कंपन्या फॉर्मवरच काट मारतात. त्यांच्यातले हुशार लोक शांघाय-हाँगकाँगचा पर्याय हातात ठेवतात, तसं तुम्ही पुणे-मुंबई ठेवा. (लोनचा हप्ता रुपयातल्या पगारावर एकदा मांडून बघा, झोप उडेल पण कळेल तरी.)

समर इंटर्नशिपची धावपळ पहिल्याच सेमिस्टरला सुरू होते, तेव्हा पोचल्या पोचल्या सिनियर्सना गाठा. ओपीटीचा अर्ज कोर्स संपायच्या ९० दिवस आधीपासून भरता येतो, भरून टाका, पण ध्यानात ठेवा, ओपीटी सुरू झाली की एकूण ९० दिवसांच्या वर बिनकामाचं राहता येत नाही. आणि हो, स्टेमच्या वाढीव २४ महिन्यांसाठी कंपनी ई-व्हेरिफायमध्ये (कामाची परवानगी तपासायच्या तिथल्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेत) लागते, ऑफर घेतानाच विचारा.