बागेतला झोका तुटलाय? मुंबईत कुणाकडे आणि कसं जायचं

बागेत काही मोडलं की आपण लगेच बीएमसीच्या नावाने ओरडतो, पण आधी जागा कुणाची ते बघा, कारण बोरिवलीचं नॅशनल पार्क वनखात्याकडे, ओव्हल मैदान राज्य सरकारच्या मालकीचं, काही मैदानं म्हाडाच्या लेआउटमधली, आणि सोसायटीच्या आवारातली आरजी (म्हणजे खेळायला-फिरायला राखून ठेवलेली मोकळी जागा) असेल तर दुरुस्ती सोसायटीनेच करायची. गेटवरचा बोर्ड वाचा. बोर्डच गायब असेल तर पालिकेच्या साइटवर 2034 चा डीपी, म्हणजे शहराचा विकास आराखडा आहे, त्यात तो प्लॉट शोधा.

पालिकेची बाग निघाली तर ती उद्यान खात्याची. या खात्याचं मुख्य ऑफिस भायखळ्याला राणीबागेत, पण एका झोक्यासाठी तिथे जाऊ नका, तुमचा माणूस तुमच्या वॉर्डातच असतो, सहाय्यक उद्यान अधीक्षक. दादर-शिवाजी पार्क असेल तर जी उत्तर, अंधेरी पश्चिम म्हणजे के पश्चिम, मुलुंड टी. वॉर्ड ऑफिसात जाऊन सरळ "गार्डनवाले कुठे बसतात" विचारा, कुणीही दाखवतो.

त्याआधी पालिकेच्या 1916 या हेल्पलाइनवर कंप्लेंट टाका आणि नंबर लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी परत पहिल्यापासून सगळं सांगत बसाल.

आता कंप्लेंट लिहायची कशी. मी पहिल्यांदा "बागेची दुरवस्था" असं हेडिंग देऊन दोन पानी पत्र लिहिलं होतं, त्यात कुत्रे, दिवे, गवत, प्रेमी युगुलं सगळं आलं, आणि वाचणाऱ्याने नक्की करायचं काय हेच त्यात नव्हतं. एका पत्रात एकच गोष्ट लिहा: कुठली बाग, कुठल्या गेटजवळ, डावीकडून दुसरा झोका, साखळी तुटलीय, फोटो अमुक तारखेचा. फुटपाथचा खड्डा किंवा कचरा असेल तर त्याचं वेगळं पत्र, ती खातीच वेगळी.

आणि लिहायच्या आधी माळीकाकांशी बोला, खरंच. बऱ्याच बागांची देखभाल कॉन्ट्रॅक्टवर असते, पाणी किती दिवस आलं नाही, मोटर कधीपासून बंद आहे, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं (पत्रात त्यांचं नाव मात्र घालू नका, बिचाऱ्यांची नोकरी जायची).

तरी हललं नाही तर आरटीआय. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो. "झोका का दुरुस्त केला नाही" असं विचारू नका, "का"ला उत्तर मिळत नाही. देखभालीच्या कंत्राटाची आणि कामाच्या यादीची प्रत मागा. उत्तर 30 दिवसांत यायला हवं. यादीत खेळणी दुरुस्ती लिहिलेली सापडली की पुढच्या पत्रात ती ओळ जशीच्या तशी उतरवा, मग बोलण्याचा सूरच बदलतो.

झाडांचं प्रकरण मात्र वेगळं. 1975 चा झाडांचा कायदा सोसायटीच्या आतल्या झाडालाही लागू आहे, म्हणजे स्वतःच्या आवारातलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि 50 वर्षं किंवा त्याहून जुनं असेल तर ते हेरिटेज झाडात मोडतं. नुसती फांदी छाटायची असली तरी आधी वॉर्डात अर्ज द्या. आणि तो मार्च-एप्रिलमध्येच द्या, जूनमध्ये पहिली फांदी कुणाच्या तरी गाडीवर पडली की अख्खा वॉर्ड रांगेत उभा असतो.