तांब्याचं वेटोळं आणि कूलरचा पंप

वर्ट म्हणजे सातूच्या माल्टचा गोड काढा, बिअरचा कच्चा माल. तो तासभर उकळला की झटपट गार करावा लागतो. 60 ते 20 अंशांच्या मधे रेंगाळला, की जंतूंची चंगळ. म्हणून तांब्याच्या नळीचं वेटोळं काढ्यात बुडवून नळीतून गार पाणी फिरवतात. हाच चिलर. अडचण एवढीच, की मे महिन्यात आमच्या जळगावात गच्चीवरच्या टाकीचं पाणीच विसण मागतं.

आणि हो, महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. मी यीस्ट न टाकता याच काढ्यात सोडा मिसळून पितो. चिलर तोच लागतो.

दहा लिटरच्या पातेल्याला एसीवाल्याकडची मऊ तांब्याची नळी, 3/8 इंची, 25 फूट पुरते. दोन्ही टोकांना दोन-दोन फूट सोडून उरलेली नळी वीतभर रुंदीच्या स्टीलच्या डब्याभोवती गुंडाळा. घाई केली की नळी चेपते, आणि चेपली की पाणी अडलंच. एसीवाल्याने मला सांगितलं, "भाऊ, नळी वाकवायची स्प्रिंग नसली तर मीठ भर ना!" बारीक मीठ ठासून भरा, टोकं चिकटपट्टीने बंद करा, मग वाकवा. नंतर नळीतून पाणी सोडलं की मीठ विरघळून जातं. वेटोळ्यांमध्ये करंगळीएवढी फट ठेवा. सगळी वेटोळी काढ्यात बुडायला हवीत. टोकं पातेल्याच्या काठावरून बाहेर वळवा, त्यांना प्लास्टिकचा पाइप आणि पेचाच्या क्लिपा लावा.

क्लिपेचा जोड काठाच्या बाहेरच हवा. मी पहिल्या खेपेला तो पातेल्याच्या बरोब्बर वर ठेवला. गरम पाण्याने पाइप मऊ पडला, सुटला, आणि टाकीचं लिटरभर पाणी थेट काढ्यात. दहा लिटर ओतून दिलं. तेव्हापासून रिकाम्या पातेल्यात पाणी सोडून, जोडांवरून कोरडं बोट फिरवून बघतो.

नवी नळी व्हिनेगरच्या पाण्यात उकळून घ्या, तेलकटपणा जातो. काढा उकळत असताना शेवटची 15 मिनिटं चिलर त्यातच ठेवा, म्हणजे तोही निर्जंतुक होतो.

गॅस बंद केला की आधी टाकीचं पाणी सोडा. सुरुवातीला बाहेर येणारं पाणी हात भाजेल इतकं कढत असतं, ते बादलीत धरा. भांडी घासायला कामी येतं. उकळलेल्या पळीने काढा हळूहळू ढवळत राहा. न ढवळता नुसतं ठेवलं तर नळीभोवतीचाच काढा गार होतो.

पंचेचाळीसच्या आसपास आल्यावर टाकीचं पाणी हात टेकतं. आता खान्देशात घरोघरी असतो तो कूलरचा पंप काढा. बादलीत पाणी, साडेतीन-चार किलो फोडलेला बर्फ, त्यात पंप, तो हे गार पाणी नळीत ढकलतो. बाहेर येणारं पाणी आता परत त्याच बादलीत सोडा. पंप चालू असताना बादलीत हात घालायचा नाही, आधी प्लग काढा. बर्फ काढ्यात मात्र टाकू नका, बाजारचा बर्फ कोणत्या पाण्याचा ते देव जाणे.

काढा थोडा आंबट असतो, त्यामुळे नळी दर वेळी लखलखीत होऊन निघते. ते पाहून आईने देवघरातला तांब्याही बुडवायला आणून दिला होता. तो मी गुपचूप चिंच-मिठाने घासून परत केला.