वाहक आणि विघटनशील पॉलिमरवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

विदर्भातल्या तालुक्याच्या महाविद्यालयातून एम.एस्सी. करून पीएच.डी.साठी हा विषय घेणाऱ्यांनी शीर्षकाच्या मोहात पडू नये. ज्यांना सर्रास ‘जैवविघटनशील वाहक पॉलिमर’ म्हटले जाते, त्यांतील बहुतेक पदार्थ मिश्रणे असतात. त्यांत पॉलिकॅप्रोलॅक्टोन, पॉलिलॅक्टिक आम्ल किंवा कायटोसान विघटित होते आणि वीज वाहून नेण्याचे काम पॉलिअ‍ॅनिलीन किंवा पॉलिपायरोल करते. वाहकता एका तुकड्यावर आणि विघटन दुसऱ्यावर मोजले, की निष्कर्ष दिसायला देखणे आणि तपासायला पोकळ निघतात.

मीही याच ठिकाणी अडकलो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो. पॉलिअ‍ॅनिलीनचे वाहक रूप हिरवे असते आणि ते आम्लाच्या आधारावर टिकते. विघटनाची चाचणी मात्र ७.४ पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात होते. तेथे हायड्रोक्लोरिक आम्लाने डोप केलेला, म्हणजे आम्ल देऊन वाहक बनवलेला हिरवा पापुद्रा निळा पडतो, आणि प्रति सेंटिमीटर काही सिमेन्स वाहकता असलेला पदार्थ जवळजवळ विद्युतरोधक होतो. खरा सापळा याच्यापुढे आहे. पॉलिअ‍ॅनिलीन सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुण्याची सवय हाताला लागलेली असते. बफरमधून काढलेला तुकडाही त्याच बाटलीतल्या आम्लाने धुतला, की तो पुन्हा हिरवा होतो, फोर-प्रोबवर, म्हणजे चार टोकांनी वाहकता मोजणाऱ्या उपकरणावर जुना आकडा उमटतो आणि ‘बफरमध्ये ठेवूनही वाहकता कायम’ असे वाक्य बिनदिक्कत प्रबंधात जाते. तुकडा ओलाच मोजला तर बफरमधले क्षारच वीज वाहून नेतात, म्हणजे तो आकडाही खोटाच. त्यामुळे तुकडा ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावा, न तापवता पूर्ण वाळवावा, आधी वजन आणि मग वाहकता घ्यावी, आणि रंगाची नोंद प्रत्येक वेळी करावी. वजन घटले तरी पॉलिअ‍ॅनिलीनची साखळी तुटली असे समजू नये. घट आधारद्रव्याची, म्हणजे विघटित होणाऱ्या पॉलिमरची असते आणि वाहक भाग भुकटी होऊन तळाशी साचतो.

यात घाबरण्यासारखे काही नाही. हिरव्याचे निळे झालेले पाहायला महागडे यंत्र लागत नाही. यूव्ही-व्हिजिबल आणि एफटीआयआर या प्रकाश शोषणाच्या तपासण्यांसाठी विद्यापीठाच्या केंद्राची वेळ घेता येते. अ‍ॅनिलीन मात्र विषारी आहे, त्यामुळे हवा खेचणाऱ्या कपाटाशिवाय त्याला हात लावू नये. बाटलीत ते तपकिरी झाले असेल तर ऊर्ध्वपातन टाळू नये. त्याचे पॉलिमर घडवणारे अमोनियम पर्सल्फेट घालताना तापमान ० ते ५ अंश ठेवायचे असते. आमच्याकडे पारा पंचेचाळिशीकडे जातो, त्या दिवसांत लादीचा बर्फ बघता बघता वितळतो आणि त्यात वीज गेली की काम हातचे जाते, तेव्हा संश्लेषण दिवाळीनंतर उरकावे. पॉलिकॅप्रोलॅक्टोनच्या पूर्ण विघटनाला दोन वर्षांहून अधिक काळ लागू शकतो; फेलोशिप तेवढी थांबत नाही. लायपेज विकराने हे विघटन वेगाने होते, पण तसे प्रबंधात स्पष्ट लिहावे.

नमुना बाहेर पाठवून ‘पॅकेज’मध्ये सगळे आलेख विकत घेणाऱ्यांची मला कीव येते, कारण तोंडी परीक्षेत आलेखातल्या एका शिखराचाही अर्थ त्यांना सांगता येत नाही. मार्गदर्शक नामांकित असण्यापेक्षा आठवड्यातून एकदा तरी प्रयोगशाळेत डोकावणारा असावा, हे माझे ठाम मत आहे, भले कोणाला ते आगाऊपणाचे वाटो.

चेतातंतूंच्या दुरुस्तीसाठीचे साचे हे उद्दिष्ट असेल, तर अ‍ॅनिलीनचे ट्रायमर किंवा टेट्रामर (तीन किंवा चार एककांचे छोटे तुकडे) एस्टर बंधांनी जोडून केलेल्या साखळ्या वाचाव्यात; तेथे बंध तुटल्यावर लहान तुकडेच उरतात. साधनेच कमी असतील, तर आपल्या कापसाच्या कापडावर फेरिक क्लोराइडने पॉलिपायरोल चढवणे हा चांगला प्रारंभ आहे, फक्त मातीत कापड कुजते आणि पॉलिपायरोल मागे राहते, म्हणून अहवालात ‘विघटनशील आधारावरील वाहक थर’ एवढेच लिहावे.