आठवडाभराची सायकल रेस कशी बघायची, आणि त्यात कागद-पेन का लागतं

टूर द फ्रान्स माहीत असलेले बरेच जण भेटतात. जुलैमध्ये दोन-चार दिवस लावून बघतात, पिवळी जर्सी (म्हणजे एकूण वेळेत पहिला कोण) कोणाकडे आहे विचारतात आणि मग सोडून देतात, कारण एकवीस स्टेज, म्हणजे एकवीस दिवसांचे टप्पे, कोण बघत बसणार. त्यांना मी कायम एकच सांगतो, टूर राहू दे बाजूला, आधी मार्च ते जूनमधल्या छोट्या रेस बघा, पाच ते आठ दिवसांच्या. मार्चमध्ये पॅरिस–नीस, तिरेनो–आद्रियातिको आणि कातालुन्या, एप्रिलमध्ये बास्क प्रांतातली इत्झुलिया, मग स्वित्झर्लंडच्या फ्रेंच भागातली रोमांडी, जूनमध्ये दोफिने आणि टूर द स्विस. दोफिनेचं नाव २०२६ पासून टूर ऑवेर्न-रोन-आल्प झालंय पण जुने लोक दोफिनेच म्हणणार, आपण नाही का अजून व्हीटीच म्हणतो.

यांची मजा काय तर इथे सावरायला वेळच नसतो. तीन आठवड्यांच्या रेसमध्ये पहिल्या आठवड्यात एखादा मिनिटभर मागे पडला तरी कॉमेंटेटर म्हणतात अजून आल्प्स बाकी आहेत, पिरेनीज बाकी आहेत, बघू. इथे मंगळवारी वीस सेकंद गेले की ते रविवारपर्यंत उसनवारीसारखे डोक्यावर बसतात, आणि रविवारी फेडले नाहीत तर संपलं.

लगेच कोणीतरी म्हणतं, म्हणजे ट्वेंटी-२० ना? नाही हो. ट्वेंटी-२० मध्ये सगळंच आखूड असतं. इथे स्टेज बऱ्यापैकी तेवढ्याच लांब, दीडशे ते दोनशे किमीच्या आसपास, घाटही तेच, फक्त दिवस कमी. मला कबड्डी जास्त जवळची वाटते. ग्रँड टूरला, म्हणजे तीन आठवड्यांच्या मोठ्या रेसला, टीमचे आठ जण उतरतात, इथे सात. त्यात एक आजारी पडला, एक पडून हाड मोडून घरी गेला की उरले पाच, आणि कबड्डीत गडी परत आत येतो तसं इथे होत नाही, बाद तो बाद. मग एवढ्यांनीच अख्खं पेलोटॉन, म्हणजे रायडरांचा मुख्य घोळका, ताब्यात ठेवायचं, पुढे पळालेल्यांना पकडायचं, आपल्या लीडरला, म्हणजे टीमच्या मुख्य रायडरला, वारा लागू द्यायचा नाही आणि पाण्याच्या बाटल्याही आणायच्या. होत नाही ते. म्हणूनच या रेस फुटतात.

आता बघायचं कसं. सगळ्यात आधी वेळ, कारण आपल्याला ती फार सोयीची आहे. मार्चमध्ये फ्रान्स-इटली आपल्या साडेचार तास मागे असतात, म्हणजे तिकडे दुपारी चार-साडेचारला फिनिश तर आपल्याकडे रात्री साडेआठ-नऊ. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं पुढे जातात, मग फरक साडेतीन तासांचा. ऑफिसातून या, जेवायला घ्या आणि शेवटचे ४०-५० किमी लावा, अख्खी स्टेज बघायची काही गरज नाही. कुठल्या ॲपवर दिसते ते त्या त्या वर्षी शोधायला लागतं, पण प्रोसायकलिंगस्टॅट्ससारख्या साइटवर स्टार्टलिस्ट (कोण कोण उतरतंय त्याची यादी), रोजचा नकाशा, घाट कुठे किती किमीला आणि रोजचे टाइम गॅप सगळं फुकट मिळतं.

स्टार्टलिस्ट बघताना नुसती मोठी नावं बघू नका. कोण जिंकायला आलाय आणि कोण नुसता जुलैसाठी पाय मोकळे करायला आलाय हे पहिल्या दोन दिवसांत कळतं, आणि दुसऱ्या प्रकारचा माणूस पुष्कळदा पहिल्यालाच धुवून काढतो.

मग कागद-पेन. हसू नका, खरंच घ्या. वरचे पाच-सहा जण लिहा आणि लीडरपासून प्रत्येकाचा गॅप लिहा. नियम सोपे आहेत: रोजचा वेळ बेरीज होत जातो, ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो लीडर, आणि एका घोळक्यात आलेल्यांना सगळ्यांना तोच वेळ. त्यावर बोनस, म्हणजे स्टेज जिंकली तर १० सेकंद वजा, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ४, आणि मधल्या एखाद्या स्प्रिंटलाही थोडे सेकंद मिळतात. टूरमध्ये या बोनसकडे ढुंकून बघितलं नाही तरी बहुतेक वेळा चालतं, इथे चालत नाही. का ते सांगतो.

पॅरिस–नीस २०१७, शेवटचा रविवार. नीसच्या आजूबाजूच्या डोंगरांत सुमारे ११५ किमीची छोटी स्टेज, पिवळी जर्सी कोलंबियाच्या सर्जिओ एनाओकडे आणि अल्बर्टो कोंतादोर ३१ सेकंद मागे. आदल्याच वर्षी हाच कोंतादोर हीच रेस ४ सेकंदांनी गेरंट थॉमसकडे हरला होता, त्यामुळे तो गप्प बसणार नाही हे सगळ्यांना माहीत, एनाओलाही. तरीही साधारण ५० किमी उरले असताना पेलोटॉन फोडून गेलाच तो. शेवटी त्याच्याबरोबर दोघे उरले, मार्क सोलेर आणि दाविद दे ला क्रूझ. मी इकडे फुलस्केपवर ३१ लिहून बसलेलो, मधल्या स्प्रिंटचे २ मिळाले ते वजा केले, राहिले २९. स्टेज तर हाच जिंकणार म्हणून शहाणपणा करून १० आधीच वजा करून टाकले, राहिले १९. म्हणजे एनाओ १९ पेक्षा जास्त सेकंदांनी मागे आला की झालं. शेजारी धाकटा भाऊ बसलेला, तो म्हणाला अरे जिंकू दे तरी आधी.

आणि नीसच्या समुद्राकाठच्या त्या रस्त्यावर, अगदी शेवटी, दे ला क्रूझ बाजूने आला आणि स्टेज घेऊन गेला. त्याला दोष देता येत नाही, त्याच्याच टीमचा डॅन मार्टिन वरच्या तिघांत होता, तो कशाला कोंतादोरचं भलं करेल. कोंतादोर दुसरा. मी १० खोडून ६ लिहिले, उरले २३. आता एनाओ कधी येतो ते मोजायचं. आम्ही दोघं मोठ्याने मोजत होतो, पंधरा, सोळा, सतरा, आणि एकविसाव्या सेकंदाला एनाओ रेषेवर. कोंतादोर २ सेकंदांनी हरला. स्टेज जिंकला असता तर बरोबर २ सेकंदांनी जिंकला असता. आठ दिवस, हजाराहून जास्त किमी, आणि हिशोब त्या ४ सेकंदांवर येऊन थांबला. तो कागद कितीतरी दिवस फ्रिजवर लावलेला होता, आई विचारायची ही कसली उधारी.

तर म्हणून कागद. टीव्हीवरचा ग्राफिक बोनस धरतो की नाही ते दरवेळी कळत नाही आणि कळेपर्यंत मजा गेलेली असते.

कुठले दिवस बघायचे? पॅरिस–नीसचं सांगतो म्हणजे बाकीच्यांचा अंदाज येईल. ही रेस १९३३ पासूनची, हिला सूर्याकडे जाणारी रेस म्हणतात कारण मार्चच्या गारठ्यात पॅरिसजवळून निघून भूमध्य समुद्रापर्यंत जाते. नकाशावर पहिले दोन-तीन दिवस सपाट दिसतात आणि नवीन माणूस म्हणतो हे सोडू, घाटच बघू. इथेच चुकतं. त्या सपाट शेतांत आडोसा नसतो आणि वारा कुशीतून आला की पेलोटॉन रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिरप्या रांगेत चालतं, त्याला एशलॉन म्हणतात. रस्ता संपला की रांगेतली जागा संपली, उरलेले मागे गटारीच्या कडेने एकेरी ओळीत वारा खात मरतात आणि मग तुटतात. पाच मिनिटांत चांगला चांगला माणूस अर्धा मिनिट मागे. त्यामुळे हेलिकॉप्टरमधून दाखवतात तेव्हा झाडं आणि झेंडे बघा, वारा बाजूने असेल आणि एखादी टीम सातच्या सात पुढे येऊन बसली असेल तर ताट घेऊन टीव्हीसमोर या, आमटी नंतर गरम करता येते.

टाइम ट्रायलचा दिवस मी खरं सांगू तर शेवटचा अर्धा तास बघतो. एकेकटे जातात, आकडे कागदावर उतरवायचे आणि झोपायचं. पण टाइम ट्रायल (टीटी) घाटात असेल आणि शेवटच्या दिवशी असेल तर वेगळं. टूर द स्विस २०२५ घ्या. पहिल्याच दिवशी पुढे पळालेल्या ग्रुपला सगळ्यांनी सोडलं, पकडू म्हणाले आणि पकडलं नाही, आणि रेसचा मोठा दावेदार पोर्तुगालचा आल्मेइदा पहिल्याच संध्याकाळी तीन मिनिटांहून जास्त मागे. आठ दिवसांच्या रेसमध्ये तीन मिनिटं म्हणजे डोंगर. तो रोज थोडं थोडं कुरतडत राहिला, आज एक मिनिट, उद्या थोडे सेकंद, आणि शेवटच्या दिवशी फ्रान्सचा केव्हिन वोकलाँ फक्त ३३ सेकंद पुढे. स्टॉकह्यूटेच्या चढावर दहा किमीची टीटी, आल्मेइदाने ती मारली आणि रेसही मारली. ज्यांनी फक्त शेवटचा दिवस बघितला त्यांना वाटलं फेव्हरिट जिंकला, काय विशेष. पहिला दिवस बघितलेला असेल तरच चव.

उतार बघा. लोक चढ बघतात आणि उतार लागला की चहा करायला उठतात. इत्झुलियामध्ये तर मुळीच उठू नका, सहा दिवस, छोटे छोटे पण भिंतीसारखे चढ आणि लगेच अरुंद ओले उतार. २०२१ ला शेवटच्या दिवशी पिवळी जर्सी होती तरुण मॅकनल्टीकडे, त्याच्याच टीमचा पोगाचार मागे राखणीला. रोग्लिच एका उतारावर निसटला, मॅकनल्टीच्या पायांतला जोर गेला, आणि पोगाचार अडकला की आपल्या लीडरला सोडून जायचं की थांबायचं. तो निर्णय होईपर्यंत रोग्लिच रेस घेऊन गेलेला. याच रेसच्या उतारावर २०२४ मध्ये मोठा अपघात झाला, व्हिंगगोर, एवनपूल, रोग्लिच सगळे एकाच वळणावर, व्हिंगगोरच्या बरगड्या मोडल्या, फुफ्फुसाला इजा झाली. ते फुटेज मी परत बघत नाही.

आणि शेवटचा दिवस कधीही सोडायचा नाही, लीड कितीही असो. १४ मार्च २०२१ चा रविवार मला तोंडपाठ आहे कारण त्या दिवशी पॅरिस–नीस आणि तिरेनो दोन्ही रेस चालू होत्या आणि मी एक फोनवर, एक लॅपटॉपवर लावलेली. पॅरिस–नीसमध्ये रोग्लिच ५२ सेकंद पुढे, तीन स्टेज जिंकलेला, आदल्या दिवशी तर बिचाऱ्या माडेरला रेषेच्या जरा आधी मागे टाकून जिंकलेला. शेवटची स्टेज ९३ किमीसुद्धा नाही. तो पडला, खांदा निखळला, उठला, परत पडला. एकटा, शॉर्ट्स फाटलेली, पेलोटॉन पुढे दिसतंय पण हाताला लागत नाही. रेस शाखमानने जिंकली, रोग्लिच पंधरावा. आणि दुसऱ्या स्क्रीनवर तिरेनोमध्ये कास्तेलफिदार्दोच्या चढ-उतारांवर पाऊस आणि थंडी, मॅथ्यू फान डर पूल साधारण ५० किमी आधीच एकटा निघालेला, तीन मिनिटांहून जास्त लीड, आणि मग तो गारठला, चाक जड झालं, आणि मागून पोगाचार एकटा यायला लागला. तीन मिनिटांचं दोन, दोनाचं एक, शेवटी रेषेवर १० सेकंद उरले. फान डर पूल सायकलवरून उतरला तो रस्त्यावरच आडवा. त्या संध्याकाळी घरात कोणी माझ्याशी बोललं नाही आणि मला कळलंही नाही.

तर या दोन्ही रेस एकाच वेळी असतात, एक निवडा. मी पॅरिस–नीस म्हणेन. तिरेनोची ट्रॉफी मात्र जास्त भारी, समुद्रातून वर काढलेला सोनेरी त्रिशूळ.

टीव्हीवर कळत नाही ते रस्त्यावर उभं राहून कळतं. जानेवारी २०२६ मध्ये पुण्यात पुणे ग्रँड टूर झाली, यूसीआयची (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना) २.२ दर्जाची, प्रोलॉग (सुरुवातीची छोटी टाइम ट्रायल) आणि चार स्टेज मिळून ४३७ किमी. दर्जा पॅरिस–नीसपेक्षा पुष्कळ खालचा, पण सांगाडा तोच, जर्सी तीच, सेकंदांचा हिशोब तोच. मुंबई–पुणे रेसचा घाटाचा राजा आपल्याकडे जुना आहेच, पण ती एका दिवसात संपते, उद्या परत त्याच पायांनी निघायचंय ही गोष्ट तिथे नसते. पेलोटॉन आधी ऐकू येतं, चेनचा आणि टायरचा मधमाश्यांसारखा आवाज, मग वाऱ्याचा झोत अंगावर, आणि मोबाईल नीट धरेपर्यंत गेलेसुद्धा. परत अशी रेस जवळ आली तर सपाट रस्त्यावर उभे राहू नका, चढावर जा, तिथे तोंडं दिसतात, कोण तोंड उघडं टाकून श्वास घेतोय आणि कोण मिटून. मग घरी येऊन रिझल्ट बघायचा आणि आपण ओळखलं होतं का ते ताडून बघायचं.

पहिल्यांदाच बघणार असाल तर पुढच्या मार्चमध्ये पॅरिस–नीसचा शुक्रवार ते रविवार घ्या. गुरुवारी रात्री गॅप उतरवून ठेवा, पेन्सिलीने, आणि स्टेज संपायच्या आत कोणाचेही १० सेकंद वजा करू नका.