सावलीतल्या बागेसाठी बियांपासून कोलियस

कोलियस म्हणजे रंगीबेरंगी पानांसाठी लावतात ते शोभेचे झाड. त्याचे बी खसखशीएवढे बारीक असते आणि त्याला रुजायला उजेड लागतो. बियांवर मातीचा थर द्यायला कोणी सांगितले तर ऐकू नका. गाडलेले बी बहुधा वर येतच नाही. ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि वर्मिक्युलाइट (ओल धरणारे हलके खनिज) निम्मे-निम्मे ट्रेमध्ये भरा. बी कोरड्या वाळूत मिसळून विरळ भुरभुरवा, तळहाताने हलके दाबा आणि वर पारदर्शक झाकण ठेवा. 21 ते 24 अंश सेल्सिअसला 10 ते 14 दिवसांत उगवते.

खरी परीक्षा यानंतर. आज टवटवीत दिसणारी रोपे उद्या झोपलेली सापडतात. जवळून पाहिले तर मातीलगतचे देठ दोऱ्यासारखे बारीक, पाणचट तपकिरी झालेले असते. ही बुरशीजन्य मर. लोक तिला पाण्याची तहान समजतात, आणखी पाणी ओततात आणि उरलेला ट्रेही घालवतात. निम्मे बी उगवले की झाकण काढाच, 'अजून थोडे उगवू दे' हा मोह महागात पडतो. पाणी वरून अजिबात नको. ट्रे दोन सेंटीमीटर पाण्यात ठेवा, वरचा थर गडद झाला की लगेच उचला आणि तो पुन्हा फिकट दिसेपर्यंत पाण्याचे नाव काढू नका. हवा खेळती हवी. कोलमडलेली रोपे भोवतालच्या कोकोपीटसकट चमच्याने काढून टाका. काही जण यावर दालचिनीची पूड सुचवतात, पण ती टाकून पडलेले रोप उठत नाही.

विरळणी करताना हात आवरा. कोवळी रोपे बरीचशी हिरवीच दिसतात, रंग खऱ्या पानांच्या (बीजदलांनंतर येणाऱ्या पानांच्या) दुसऱ्या जोडीपासून उलगडू लागतो. त्यात सगळ्यांत जोमदार दिसणारी रोपे बहुधा हिरवी निघतात आणि भडक रंगाची मागे रेंगाळतात, कारण त्यांच्यात हरितद्रव्य कमी असते. लहान म्हणून उपटाल तर नेमका रंगच कचऱ्यात जाईल.

खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या की रोप पानाला धरून कुंडीत हलवा; देठ चिमटीत चेमटले की संपले. 12-15 सेंटीमीटर उंचीला शेंडा खुडा.

सावली म्हणजे अंधार नव्हे. झाडाखालचा कवडसा किंवा सकाळचे कोवळे ऊन उत्तम. अंधाऱ्या कोपऱ्यात पेरे लांबतात, रंग मळतो. फुलांचे तुरे दिसताच खुडा, नाहीतर झाड बियांच्या मागे लागते आणि पाने लहान होत जातात.